नापासांची मिसळ

बाईंच्या घरी पास झालेल्याला काही मिळत नसे. मिसळ मिळायची ती नापासाला. कुठल्या तरी संस्थेचा नकार मेलवर आला की बाई जिन्याखालून हाक मारायच्या, "कोण पडलं गं? चप्पल घाल." मग त्या मुलीला स्कूटरवर मागे बसवून गावाबाहेर मळ्यातल्या मिसळीच्या दुकानात न्यायच्या. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, शेवटी जिलबी. रडत गेलेली पोर नाक पुसत परत यायची, ते दुःखाने की रश्श्याने हे कुणाला सांगता यायचं नाही. आणि जिची निवड झाली ती? तिला बाई एवढंच म्हणायच्या, "तुला आता मेसमध्ये जेवायला मिळेल. माझ्या मिसळीवर कशाला डोळा?"

मी बाईंचा विद्यार्थी नव्हे. मी द्राक्षवाला. पिंपळगाव बसवंतपासून थोडं आत आमची बाग आहे. माझी थोरली, गौरी, नाशकात बीएस्सीला होती आणि गंगापूर रोडच्या एका गल्लीत, बाईंच्या वरच्या मजल्यावर आणखी दोन मुलींबरोबर राहायची. बाई आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रविवारी मी भाजीची पिशवी घेऊन जायचो, व्हरांड्यात बसायचो, चहा प्यायचो आणि फारसं न बोलता परत यायचो. मी कमी बोलतो. गावात याला लोक शहाणपण समजतात. बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "काय हो द्राक्षवाले, तुम्ही गप्प बसता ते विचार करता म्हणून, की सुटका होते म्हणून?"

तेव्हाही मी गप्पच बसलो. आज सांगतो. सुटका होते म्हणून.

देवळाली कॅम्पाच्या बाजारातून घेतलेला एक जुना लष्करी कोट बाई थंडी संपली तरी घालायच्या. त्याच्या खिशांत भिंग, छाटणीची कात्री आणि चिंचेच्या गोळ्या असत. बोलताना कधी गोळी समजून भिंगाकडे हात जायचा. "मॅडम" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मॅडम बँकेत असते. मला बाई म्हण." सिग्नलला उभ्या असताना शेजारच्या रिक्षावाल्याला रस्त्याकडेचं झाड दाखवून "हे कशाचं, सांग बरं" असं विचारायच्या, आणि त्याने चुकीचं सांगितलं तर हिरवा दिवा लागला तरी हलायच्या नाहीत. मागून हॉर्नचा कल्लोळ. बाई शांतपणे पान दाखवतायत.

खोली द्यायची त्यांची अटही जगावेगळी होती. मुलगी कशी आहे, काय खाते, किती वाजता येते, यातलं काही विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "वर्षातून एकदा तरी अशा दारावर जायचं, जिथून हाकलून देण्याची पूर्ण शक्यता आहे. कबूल असेल तर सामान आण." त्यामुळे त्या घरातल्या मुली सारख्या कुठे ना कुठे अर्ज करत असायच्या. मोठमोठ्या विज्ञानसंस्था, उन्हाळी संशोधनाचे कार्यक्रम, शिष्यवृत्त्या.

आणि अर्ज बाईंच्या हाताखालून जायचा. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे," असं पहिलं वाक्य कुणी लिहिलं की बाई चष्मा काढून ठेवायच्या.

"लहानपणी तुला काय आवडायचं?"

"बाई, विज्ञान."

"खरं सांग."

"...दुसऱ्यांच्या घरची फ्रिजची दारं उघडून बघायला."

"मग ते लिही की! दार लावल्यावर दिवा विझतो का, हे कधी बघितलंस? कसं बघितलंस? लिही."

शिफारसपत्रंही तशीच. एका मुलीसाठी त्यांनी लिहिलं होतं, "ही उशिरा येते. काचेची भांडी फोडते. प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय घरी जात नाही." त्या पोरीची आई भांडायला आली होती. बाई म्हणाल्या, "हुशार, कष्टाळू, होतकरू असं लिहू? तसली पत्रं तिथे पोत्याने पडलीत. ती वाचून फेकतात, हे वाचून हसतील. हसलेला माणूस नाव लक्षात ठेवतो."

मला हे सगळं धोक्याचं वाटायचं. कॉलेज रोडला एक क्लास निघाला होता. तिथे प्रकल्प, निबंध, सगळं तयार करून मिळायचं. आमच्या पाहुण्यातल्या एकाने मुलासाठी करून घेतलं होतं आणि त्या मुलाची निवडही झाली होती. युक्ती चालायची, हे मी लपवत नाही. मी बाईंकडे विषय काढला. त्या म्हणाल्या, "घ्या की करून. मग मुलाखतीला त्यांनाच बसवा. पुढे चार वर्षं राहायलाही त्यांनाच पाठवा. लबाडीने आत गेलेलं पोर आत गेल्यावरही दारातच उभं असतं, द्राक्षवाले. सारखं मागे बघत. कुणी ओळखलं तर नाही ना."

गौरीला बीएस्सीनंतर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत जायचं होतं. तिथे देशभरातून मोजकी मुलं घ्यायची आणि त्यांच्याकडून पहिल्या दिवसापासून संशोधन करून घ्यायचं, असा कार्यक्रम. अर्जासोबत स्वतः केलेला एक प्रयोग लागायचा. गौरीने तो आमच्याच बागेत लावला.

द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून आम्ही घड वाढीच्या औषधात बुडवतो. प्लास्टिकचा मग औषधाने भरायचा, घडाखाली धरायचा, घड आत बुडवून काढायचा, पुढच्या घडाकडे जायचं. याला डिपिंग म्हणतात. आमच्याकडे ते दोनदा करतात. गौरीचा प्रश्न असा, की दुसऱ्या डिपिंगची खरंच गरज आहे का? तिने शेजारशेजारच्या दोन ओळी घेतल्या. पहिलं डिपिंग दोन्हींना झालेलंच होतं. दुसऱ्या वेळी एका ओळीला औषध, दुसरीला नुसतं पाणी. पाणीसुद्धा मगाने, घड बुडवूनच. "नाटक दोन्हीकडे सारखं हवं," ही बाईंची शिकवण. सुरगाण्याकडच्या मजूर बायका हसून बेजार झाल्या. "ताई, आंघोळ घालत्यास का घडांना?"

दुपारच्या बसने गौरी नाशकाला गेली. जाताना म्हणाली, "पप्पा, या पाण्याच्या ओळीला कुणी हात लावायचा नाही." मी मान हलवली.

पुढे काय झालं ते सरळ लिहितो. दोन दिवस मी त्या ओळीजवळून जाता-येता बघत होतो. सगळी बाग औषध पिऊन तरारलेली आणि मधे ही एक उपाशी. सगळ्या लेकरांना दूध आणि एकाला पाणी, असं काहीतरी वाटायचं. हे ऐकायला बरं आहे, म्हणून अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की माल बघायला व्यापारी येणार होता आणि बागेच्या ऐन तोंडाशी बारीक मण्यांची ओळ दिसली तर चारचौघांत काय दिसेल, याची मला लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी उजाडताच मी औषध कालवलं आणि एकटाच त्या ओळीला लागलो.

बायकोने घराच्या पायरीवरून बघितलं. "पोरीला सांगितलं का?"

"त्यात काय सांगायचं? मणी जरा मोठा झाला तर कुणाचं बिघडलं?"

"तिचं बिघडलं तर?"

मी पुढच्या घडाखाली मग धरला.

मणी फुगले. गौरी येऊन दोन्ही ओळींची मापं घेऊन गेली. फरक नव्हताच. तिने फोनवर किंकाळी फोडली. "पप्पा, दुसरं डिपिंग फुकट जातं! किती औषध वाचेल माहितीय?" तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "अरे वा."

अर्ज पाठवायच्या आधी बाईंच्या घरी पाडापाडी व्हायची. मुलीला व्हरांड्यात स्टुलावर बसवायचं आणि घरात असेल त्याने, दारात येईल त्याने तिला प्रश्न विचारून पाडायचं. गौरीच्या पाडापाडीला मी हजर होतो. बाई कोट घालून खुर्चीत. "विचारा. पाडा तिला. इथे पडली तर उचलायला मी आहे. तिथे पडली तर उचलायला कोणी नाही."

मुलींनी बरंच छळलं. माती सारखी होती का, पाणी सारखं होतं का. मग गौरीच्याच खोलीतल्या मुलीने विचारलं, "त्या पाण्याच्या ओळीला नंतर कुणी औषध लावलं नाही, कशावरून?"

गौरी हसली. "पप्पा रोज तिथेच होते की."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाईंनी खिशातली गोळी तोंडात टाकता टाकता हात थांबवला.

मी मान हलवली.

एवढंच केलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. आयुष्यभर याच हुशारीवर जगलो मी.

संध्याकाळी घरी आलो तर शेजारचा रामदास ओट्यावर बसलेला. बायकोने त्याला कौतुकाने प्रयोगाचं सगळं सांगितलेलं दिसलं, बिचारीला माझी चोरी उघडी पाडवत नव्हती म्हणून असेल. रामदास म्हणाला, "तुझ्या पोरीनं लय भारी काम केलं राव. पुढच्या साली मी दुसऱ्या डिपिंगला हातच लावत नाय. सगळ्या बागेला एकदाच. आमच्या सोसायटीत पण सांगतो सगळ्यांना."

"थांब जरा, एवढी घाई कशाला?" मी म्हणालो.

"आता का थांबू? सिद्ध झालं ना?"

रामदासची सगळी बाग माझ्या डोळ्यांसमोर बारीक मण्यांची झाली. आणि त्या बागेवर नाव माझ्या लेकीचं.

सकाळी पहिल्या बसने मी बाईंच्या दारात. बाई अंगणात पालथ्या पडून भिंगातून मुंग्यांची रांग बघत होत्या. गौरी पायरीवर चहा घेऊन बसलेली. मी पिशवी आणली नव्हती, त्यावरूनच दोघींना काहीतरी कळलं असावं.

"त्या ओळीला मी औषध लावलं," मी म्हणालो. "तू गेल्यावर. तिसऱ्या दिवशी."

गौरीच्या हातातला कप तसाच राहिला. बाई उठून बसल्या, कोपराची माती झटकली. त्यांना गप्प बसलेलं मी तेवढंच एकदा बघितलं.

"परवा शेवटची तारीख आहे, पप्पा."

"माहीत आहे."

"काल का नाही बोललात? सगळ्यांसमोर विचारलं होतं!"

"..."

"हलवा आता मान! हलवा ना!"

मग ती अचानक बाईंकडे वळली. "मापं तर खोटी नाहीत ना? मी घेतलेली मापं खरीच आहेत."

"मापं खरी," बाई म्हणाल्या, "ओळ खोटी."

मी हात जोडले. सांगायला लाज वाटते, पण जोडले. "बाई, चूक माझी. शिक्षा तिला कशाला? तिथून कोण येतंय आमच्या बागेत बघायला? जाऊ द्या तसाच अर्ज. रामदासला मी समजावतो."

बाई उभ्या राहिल्या. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागायच्या, पण मला वर बघावं लागतंय असं वाटलं. "द्राक्षवाले, तुम्ही एकदा तिची ओळ बुडवलीत. आता तिलाच बुडवायला आलात? शिफारसपत्र मी देणार. त्यात तुमचा पराक्रम येणार. हिच्या अर्जात काय यावं ते ही ठरवेल. नाही घेतलं त्यांनी तर नाही घेतलं! मिसळ कुठे पळून जात नाही. पण खऱ्याची लाज धरून अर्ज करायचा असेल तर कॉलेज रोडचा क्लास उघडा आहे. माझ्या अंगणातून आत्ता बाहेर पडा."

गौरी वर निघून गेली. दार आपटलं. मी पायरीवर बसून राहिलो. बाईंनी एक चिंचेची गोळी माझ्या हातावर ठेवली आणि परत मुंग्यांकडे गेल्या.

बऱ्याच वेळाने गौरी खाली आली. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. माझ्यासमोर बसली, पोलीस बसतात तशी.

"कुठून सुरुवात केलीत?"

"घराकडच्या टोकाकडून."

"औषध किती घेतलं?"

सांगितलं.

"एकही घड सोडला नाही?"

"नाही... म्हणजे, बांधाकडची शेवटची झाडं राहिली. मजुरांची जीप आली. त्यांनी बघू नये म्हणून हातातला मग ठेवून दिला."

गौरी ताडकन उभी राहिली. "शेवटची झाडं तशीच आहेत? पाणीवाली?"

"तशीच."

"बाई! ती झाडं मी मोजलीच नाहीत! तुम्हीच म्हणालात, कडेची झाडं सोडून दे!"

कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त, गुरं तोंड घालतात, म्हणून प्रयोगात ती मोजत नाहीत. बाईंनी जन्मभर हेच शिकवलेलं. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि मग कपाळावर हात मारून अशा काही हसल्या, की वरच्या मुली गॅलरीत आल्या. "अगं, ती झाडं ओरडून सांगत असतील आणि मी म्हणतेय, त्यांच्याकडे बघू नकोस! चल. चप्पल घाल. काढणी झाली नाही ना हो अजून?"

नव्हती झाली. बाई आणि गौरी स्कूटरवर, मी मागून बसने. मी पोचलो तेव्हा भर उन्हात तो लष्करी कोट बांधावर बसलेला आणि गौरी मणी मोजतेय. औषधाच्या ओळीचीही शेवटची झाडं मोजायला लावली बाईंनी. कडेची झाडं कडेच्या झाडांशीच ताडायची. मला मात्र मापांची गरज नव्हती. पाणी प्यायलेली ती झाडं एकदा नीट बघितली आणि समजलं. मणी बारीक होते. नुसत्या डोळ्यांना फरक कळावा इतके बारीक. दुसरं डिपिंग फुकट जात नव्हतं.

बायकोने रामदासला बोलावून आणलं. त्याने मणी हातात घेऊन बघितले आणि मला म्हणाला, "च्यायला, माझा तर कार्यक्रमच केला असता तू." मी म्हणालो, "हो." हा माझा नवाच शब्द होता.

गौरीने अर्ज नव्याने लिहिला. पहिलं वाक्य असं होतं, "माझ्या वडिलांना उपाशी झाड बघवत नाही, हे मी प्रयोग आखताना धरलं नव्हतं." पुढे माझं नाव, मी कधी काय केलं, कुठे थांबलो, का थांबलो. झाडं थोडी आहेत, म्हणून यावरून ठाम काही म्हणता येत नाही, हेही. बाईंनी पत्रात लिहिलं, "खरी झाडं वगळण्याचा सल्ला माझा होता आणि तो चुकला."

भाऊबंदांत कळल्यावर बोलणी झाली. "बापाची अब्रू सातासमुद्रापार नेली पोरीनं." समुद्र कुठला, संस्था इथलीच. पण मी त्यांना सांगितलं, आणि आजही सांगतो, की हो, आहे माझं नाव त्यात. चोरी करताना नाव नको आणि लिहिताना अब्रू हवी, हे चालायचं नाही.

मुलाखत बाईंच्या जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपवर झाली. आम्ही स्वयंपाकघरात, दाराला कान लावून. पलीकडच्या एका म्हाताऱ्या आवाजाने इंग्रजीत विचारलं, की पुढच्या वेळी ओळीला कुंपण घालशील का? गौरी म्हणाली, "कुंपण घातलं तरी किल्ली पप्पांकडेच राहणार, सर. पुढच्या वेळी मी त्यांना आधी समजावून सांगेन. या वेळी नुसतं बजावलं होतं." पलीकडे कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. तिने मला वाचवलं नव्हतं. तिने स्वतःचीही चूक शोधली होती, आणि तीही माझ्याच शेजारी उभी करून मांडली होती.

निवड झाली. बाईंनी वरती हाक मारली, "गौरे, सामान बांध. मेसमध्ये जेव." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "द्राक्षवाले, चप्पल घाला."

"मी?"

"तुमचा प्रयोग पडला. माझी शिकवण पडली. दोघेही नापास. बसा मागे."

मी, एवढा बाप्या, त्या लष्करी कोटाला धरून गंगापूर रोडने गेलो. ओळखीचे दोघे-तिघे भेटले. बाईंनी मुद्दाम हॉर्न वाजवला. दुकानात दोन ताटं आली. पहिल्याच घासाला माझं नाक वाहायला लागलं आणि बाईंनी, रश्श्याने की कशाने हे न विचारता, पापड माझ्याकडे सरकवला.

बाई आता नाहीत. कोट कुणी नेला, ठाऊक नाही. वरच्या खोल्यांत आता एक ऑफिस आहे.

मी दर साली एक ओळ दुसऱ्या डिपिंगशिवाय ठेवतो. अख्खी ओळ, ऐन तोंडाशी, व्यापाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसेल अशी. गौरी तिची मापं मागवून घेते. व्यापारी नाक मुरडतात. एक तर म्हणाला, "भाऊ, या ओळीनं घाण केली बागेची." मी म्हणालो, "पुढे चला, तुमचा माल पुढे आहे." यंदाही सकाळी औषधाचा मग हातात घेऊन त्या ओळीच्या तोंडाशी मी उभा होतो. हात शिवशिवतो, खोटं कशाला सांगू. मग औषध बांधावर ओतलं आणि घरी आलो.

त्या दिवसांत गौरीचा फोन येतोच. एकच प्रश्न असतो.

"पप्पा, हात लावला?"

फोनवर मान हलवून चालत नाही.

"नाही लावला," मी म्हणतो. तोंडाने.